शूटिंगला सार्वजनिक जागा देताना दर कसा लावावा? (ज्वेल, मिनी सी शोअर, पाम बीच)

नेरूळवासी:
आमच्या विभागातल्या नागरिक मंचाला महापालिकेकडे एक सूचनापत्र द्यायचं आहे. ज्वेल ऑफ नवी मुंबई (नेरूळचं तलावाकाठचं उद्यान), वंडर्स पार्क, वाशीचा मिनी सी शोअर, पाम बीच रस्त्यालगतच्या मोकळ्या जागा इथं मालिका, जाहिराती, वेबसिरीजची शूटिंग चालतात. त्यांच्याकडून किती आणि कशाच्या हिशेबानं पैसे घ्यावेत? नुसतं "शुल्क वाढवा" असं लिहिलं तर पत्र फायलीत जाऊन पडेल, म्हणून नेमकं विचारतो. दर दिवसावर असावा, माणसांवर, की जागेवर? जाहिरातीला आणि मालिकेला वेगळा दर असावा का? अनामत कशाच्या आधारावर कापायची? आणि जमा झालेला पैसा त्याच उद्यानावर खर्च होईल अशी तरतूद करता येते का?

प्री-वेडिंगवाल्यांचा विषयही बैठकीत निघालाच. सकाळी फिरायला येणाऱ्यांचा खरा राग तिकडेच आहे.

जुना_ठराव:
दराच्या आधी जागा कोणाची ते पत्रात लिहा. नवी मुंबईत हाच मोठा घोळ आहे. सिडकोनं शहर वसवलं आणि जागा टप्प्याटप्प्यानं महापालिकेला दिल्या, पण सगळ्या नाही. वाशी, नेरूळ, बेलापूर स्टेशनांच्या इमारती सिडकोनं बांधल्या, फलाट आणि रूळ रेल्वेकडे. म्हणजे स्टेशनाच्या पायऱ्यांवर एक परवानगी, फलाटावर दुसरी. खारघरचं सेंट्रल पार्क सिडकोनं उभारलं, पण खारघर पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात. पोलीस आयुक्तालय मात्र नवी मुंबईचंच. पांडवकडा धबधबा वन विभागाचा. सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. तुमच्या यादीतल्या प्रत्येक ठिकाणापुढे "मालक" आणि "देखभाल कोणाकडे" असे दोन रकाने करा. दोन्हींत एकच नाव असेल तिथंच तुमची सूचना सरळ लागू होईल.

आता कायदा. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे (जुन्या फायलींत बीपीएमसी अ‍ॅक्ट म्हणून सापडेल). त्यात दोन वाटा आहेत. कलम ७९ मालमत्ता भाड्यानं वगैरे देण्याचं. मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नसावा हे तत्त्व तिथलं. कलम ३८६ लेखी परवानगी आणि तिच्या शुल्काचं. शुल्काचा दर आयुक्त महासभेच्या मंजुरीनं ठरवतात. शूटिंगमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र येतात: जागा अडवली त्याचं भाडं, आणि अर्ज तपासणं, माणूस पाठवून पाहणी करणं याचं शुल्क. पत्रात हे दोन आकडे वेगळे मागा. एकाच गोळा रकमेत टाकले की लेखापरीक्षणात "हा दर आला कुठून?" असा शेरा पडतो आणि मग घाबरून कोणी दर बदलतच नाही.

पैसा त्याच बागेला मिळण्याबद्दल: सगळी जमा महापालिका निधीतच जाते, बागेचा वेगळा गल्ला ठेवता येत नाही. पण अंदाजपत्रकात "चित्रीकरण भाडे – उद्याने" असं स्वतंत्र जमा लेखाशीर्ष (हिशेबातलं वेगळं खातं) आणि त्याच्या जोडीला खर्चाचं लेखाशीर्ष उघडता येतं. दराच्या ठरावातच वाक्य घालून घ्या, की जमेचा अमुक हिस्सा त्या-त्या ठिकाणच्या देखभालीला ठेवावा. ठरावात नसेल तर नंतर कोणी ऐकत नाही.

आणि पत्र देण्याआधी माहिती अधिकारात अर्ज टाका. मागच्या तीन वर्षांत कोणत्या जागेला किती परवानग्या, किती रक्कम जमा, किती अनामत कापली. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून उद्यानं आणि रस्ते असे दोन अर्ज करा. फी प्रत्येकी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

रेकीवाला:
लोकेशनच्या बाजूनं सांगतो, कारण चुकीच्या मापावर दर लावला तर तुमचंही नुकसान आणि युनिटचंही.

जाहिरात, मालिका, चित्रपट अशा प्रकारावर दर ठेवू नका. कागदावर सगळे "मालिका" लिहितात, कारण ती स्वस्त असते. गेटवरच्या सुरक्षारक्षकाला कॅमेऱ्यामागे काय चाललंय ते कळणार नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही चूक आहे. माणसांवर दर लावला तर यादीत ४० आणि जागेवर ९०. जे मोजता येतं त्यावरच पैसे घ्या: किती चौरस मीटर अडवलं, किती तास, आणि किती गाड्या उभ्या केल्या. मोजायला फक्त टेप आणि घड्याळ लागतं.

गाड्यांचं वेगळं का, तर जागा खरी तेच खातात. फ्रेममध्ये बाक आणि दोन माणसं असतात, मागे ही वरात: दोन व्हॅनिटी (कलाकारांच्या तयारीच्या मोठ्या गाड्या), जनरेटर व्हॅन, लाइटचा टेम्पो, कॅमेऱ्याची गाडी, कपडेपटाचा टेम्पो, केटरिंग, वर मोटारी. मोटारीची एक जागा २.५ × ५ मीटर धरली तर व्हॅनिटी तिचा जिना आणि दार धरून चार जागा घेते. दोन व्हॅनिटी ८, जनरेटर ३, लाइट २, कॅमेरा १, कपडेपट २, केटरिंग १, मोटारी ३. झाल्या २० जागा. म्हणजे ज्वेलला गाडी घेऊन येणाऱ्या वीस घरांनी परत फिरायचं. याचे पैसे न घेता "कॅमेरा लावला" याचे पैसे घेणं उलटं आहे.

तास मोजताना कॉल टाइम (युनिटला बोलावलेली वेळ) ते पॅकअप (काम आटोपणं) एवढंच धरू नका. आदल्या संध्याकाळी सेट लागतो, दुसऱ्या दिवशी निघतो, आणि तेवढा वेळ जागा अडलेलीच असते. लावण्या-काढण्याच्या तासांना अर्धा दर ठेवा. फुकट ठेवलात तर बांबू आठवडाभर पडून राहतील. उलट शिफ्ट १२ तासांची धरून त्यापुढे दीडपट लावा. युनिटमध्ये ओव्हरटाइमचा हिशेब सगळ्यांना कळतो, वाद होत नाही.

एक विनंती. दर थोडा जास्त असला तरी चालतो, पण तो आधी कळला पाहिजे आणि एका खिडकीत भरता आला पाहिजे. प्रॉडक्शन मॅनेजरला धडकी पावतीची भरत नाही. सहा ठिकाणच्या ना हरकत दाखल्यांची भरते, कारण सातवं कोण उगवेल ते माहीत नसतं. गोरेगावच्या चित्रनगरीत दर महाग वाटले तरी लोक जातात, कारण तिथं किती लागणार ते आदल्या दिवशी माहीत असतं. परवानगी किती दिवसांत द्यायची ते लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित करून घ्या, एवढं मागितलंत तरी खूप झालं.

नेरूळवासी:
उत्तम. गाड्यांचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. अनामतीबद्दल जरा खोलात सांगाल का? "नुकसान झाल्यास कापली जाईल" एवढ्यावर काहीच कापलं जात नाही.

रेकीवाला:
कापलं जात नाही, कारण आधीची अवस्था कोणी नोंदवत नाही. मग तुटलेला पेव्हर आधीचा की आजचा यावर तासभर हुज्जत, आणि शेवटी पूर्ण परतावा. किंवा उलट, जुन्या मोडक्या बाकाचे पैसे युनिटच्या माथी.

उपाय सोपा आहे. ताबा देताना उद्यान विभागाचा माणूस आणि प्रॉडक्शनचा माणूस, दोघांनी जागा फिरून फोटो काढायचे, तारीख-वेळ दिसेल असे. साधारण दर १० मीटरला एक, शिवाय प्रत्येक बाक, दिवा, झाकण, झाडाचा बुंधा. पॅकअपनंतर त्याच जागांवरून पुन्हा. दोन्हींवर दोघांच्या सह्या. पंचनामाच म्हणा. हे झालं की अनामत कापायला किंवा परत द्यायला पंधरा दिवस पुरतात. परतावा महिनोन्‌महिने अडकला की पुढच्या वेळी प्रॉडक्शन ती रक्कम बुडीत धरून चालतं, आणि बुडीत धरलेल्या पैशासाठी कोणी जपून वागत नाही.

नेमकं काय मोडतं, ते दरपत्रकाच्या मागे छापा:

पेव्हर. पादचारी वाटेवर साधारण ६० मिमीचे ब्लॉक असतात, खाली वाळूचा पातळ थर. जनरेटर व्हॅन त्यावर चढली की वाळू सरकते, ब्लॉक बसतात, आणि पहिल्या पावसात तिथं डबकं. वजनदार गाड्यांना ८० मिमी लागतात. म्हणून अट अशी: टेम्पोच्या वरची गाडी वाटेवर आणायचीच नाही, सामान हातगाडीनं न्यायचं. क्रेन किंवा जिबची (कॅमेऱ्याच्या लांब दांड्याची) ट्रॉली लावायची तर खाली १८ मिमी प्लाय अंथरायचा.

हिरवळ. मोठी गाडी ओल्या मातीवर उभी राहिली की माती घट्ट होते आणि महिन्याभरानं तिथंच गवत पिवळं पडतं. म्हणून हिरवळीची पाहणी पॅकअपला एकदा आणि २१ दिवसांनी पुन्हा. हिरवळीपुरता अनामतीचा छोटा भाग तोवर राखून ठेवा, बाकी रक्कम सोडा.

झाडं. लाइट, काळं कापड बांधायला खिळे ठोकतात, तार आवळतात. दोरी आणि खाली गोणपाट, याशिवाय काही चालणार नाही असं लिहा. झाडांच्या १९७५ च्या कायद्याखालचा मामला आहे, अनामतीवर भागत नाही.

केबल. जॉगिंग ट्रॅक ओलांडणारी प्रत्येक केबल रबरी रॅम्पखालून. पहाटे साडेपाचला अंधारात चालणाऱ्या ज्येष्ठांचे पाय त्यातच अडकतात.

पावसाचा सीन. दहा हजार लिटरचा टँकर उभा करून पाइपला भोकं पाडून पाऊस पाडतात. पाणी उतारानं कुठं जाणार ते आधी दाखवायला सांगा. ट्रॅकवर साचलं की चार दिवसांत शेवाळ.

सेटमध्ये थर्माकोल नको, हेही लिहा. २०१८ च्या राज्याच्या बंदीनंतरही सजावटीत तो डोकावतोच, आणि एकदा वाऱ्यानं तळ्यावर उडाला की गोळा होत नाही. पीओपीचे तुकडेही तसेच. शंभराहून जास्त माणसं जमणार असतील तर तीन कामकाजाच्या दिवसांआधी स्थानिक संस्थेला कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा, ही अट २०१६ च्या घनकचरा नियमांनी घातली. शूटिंगला ती लावायला कोणाची आडकाठी नाही. शंभर जेवणाची पानं म्हणजे बराच ओला कचरा असतो.

पाणथळ:
वरचं सगळं बागेला ठीक. पण पाम बीचच्या खाडीकडच्या बाजूला आणि टी. एस. चाणक्य (सागरी प्रशिक्षण संस्था) आणि एनआरआय वसाहत यांच्याजवळच्या पाणथळींना "जास्त दर" हे उत्तरच नाही. तिथं किंमत लावली की परवानगी विकाऊ आहे असा संदेश जातो. खारफुटी आणि तिच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा यांना मुंबई उच्च न्यायालयाचं संरक्षण आहे. तिथं सेट, प्लॅटफॉर्म, भराव, काही नाही. पत्रात त्या जागांची यादी "दर नाही, परवानगी नाही" अशी वेगळी द्या.

फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे असतात. ओहोटीला खाडीच्या चिखलात चरतात आणि भरतीला पाणथळीत येऊन विसावतात. युनिटला पाण्याची चमक हवी म्हणून ते भरतीची वेळ निवडतात, म्हणजे पक्षी नेमके विसावलेले असताना. मोठे लाइट पाण्यावर मारायचे नाहीत, आणि सूर्यास्तानंतर तर मुळीच नाही. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं, २०२२ ला रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या) आलं. अभयारण्यात चित्रीकरणाची परवानगी वन्यजीव अधिनियमाखाली वन विभाग देतो, महापालिकेच्या पावतीला तिथं काही किंमत नाही. ठाण्याच्या बाजूला येऊरचंही तसंच, ते राष्ट्रीय उद्यानात मोडतं.

ज्वेलबद्दल एक. ते धारण तलावाकाठी आहे. भरतीच्या पाण्याखाली शहर जाऊ नये म्हणून सिडकोनं हे तलाव केले. भरतीला झडपा बंद होतात आणि पावसाचं पाणी तलावात थांबतं. झडपेजवळ नाव, तरंगता सेट, दोरखंड काही नको. पावसाळ्यात तर त्या कोपऱ्यात कोणालाही सोडू नये.

ड्रोन: ड्रोन नियम २०२१ प्रमाणे लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. बेलापूर-नेरूळचा पट्टा तिथून फार लांब नाही. त्यामुळे "मागच्या वर्षी उडवला होता" हे आता चालत नाही. शूटिंगच्या आठवड्यात डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा पाहायचा, आणि पोलिसांचा मनाई आदेश आहे का ते वेगळं पाहायचं. महापालिकेनं ड्रोनचं शुल्क घेऊच नये. घेतलं की युनिटला वाटतं परवानगी मिळाली.

तलावपाळीकर:
ठाण्यातून लिहितोय. चौरस मीटरचा हिशेब बागेत चालेल, पण मासुंदा तलावाभोवती किंवा उपवनला नाही. तिथं अडवलेली जागा शंभर चौरस मीटरही नसते, त्रास मात्र बघ्यांच्या गर्दीचा. ओळखीचा चेहरा दिसला की अर्धा रस्ता बंद. त्याचं माप तुमच्या सूत्रात कुठं आहे?

रेकीवाला:
बरोबर पकडलंत. गर्दीचं भाडं लावता येत नाही, पण तिला आवरण्याचा खर्च लावता येतो. रस्त्याला भिडलेल्या जागेवर दोन अटी. एक, दोरी आणि माणसं युनिटची, आणि पदपथावर किमान दीड-दोन मीटर वाट कायम मोकळी. दोन, वाहन अडणार असेल तर वाहतूक शाखेची अधिसूचना आणि बंदोबस्ताचे पैसे पोलिसांकडे वेगळे. महापालिकेच्या परवानगीनं रस्ता बंद होत नाही, हे बऱ्याच नवख्या लोकांना ऐनवेळी कळतं. शिवाय वेळेचा गुणक ठेवा: सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ९ दुप्पट, दुपारी निम्मा. आपोआप युनिट दुपारी सरकतं. पहाटेचा उजेड ज्याला हवाच आहे तो दुप्पट देईल.

रात्रीचं मात्र दरावर सोडू नका. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल. चांगला सायलेंट जनरेटरसुद्धा एक मीटरवर ७५ पर्यंत असू शकतो. अंतर दुप्पट झालं की साधारण ६ नं कमी, म्हणजे कागदावर ३२ मीटरला ४५. प्रत्यक्षात भिंतींवरून आवाज परततो, म्हणून सर्वांत जवळच्या घराच्या खिडकीपासून ५० मीटर धरा. लाइटवाले कुरकुरतील, कारण केबल लांबली की व्होल्टेज पडतं. जाड केबल आणायला सांगा.

वही_खाते:
हिशेबाचं राहिलं होतं. महापालिकेनं जीएसटी नोंदणीकृत कंपनीला जागा भाड्यानं दिली तर कर कंपनीनं स्वतः भरायचा, उलट आकारणीनं. दर १८ टक्के. नोंदणी नसलेल्याकडून महापालिकेनं घ्यायचा. पावतीवर जीएसटी क्रमांकाचा रकाना हवा, नाहीतर कोणत्या वाटेनं गेलं ते नंतर कळत नाही. अनामत हा मोबदला नाही, म्हणून भाड्यात वळती केली नाही तोवर तिच्यावर कर नाही. ती "अनामत ठेव" खाली जमा करा, उत्पन्नात नको.

मंचाला गणित दाखवायला नमुना देतो. यातले दर फक्त उदाहरणापुरते, खरे दर ठरावानंच ठरतील. १०० चौ. मी.चा एक गट, तासाला २०० रुपये. गाडीची एक जागा, तासाला ३० रुपये. युनिटनं ३०० चौ. मी. आणि २० जागा १२ तास घेतल्या: ३ × १२ × २०० = ७,२००, आणि २० × १२ × ३० = ७,२००. आदल्या संध्याकाळी सेट लावायला ४ तास अर्ध्या दरानं १,२००. दोन तास जादा, दीडपटीनं: जागेचे १,८०० आणि गाड्यांचे १,८००. एकूण १९,२००, त्यावर १८ टक्क्यांनी ३,४५६ कर. वेळेचा गुणक यात धरलेला नाही. परवानगी शुल्क आणि अनामत वेगळी.

तेच सूत्र प्री-वेडिंगला लावा: एक गट, दोन तास, ४०० रुपये. मोबाइलवर फोटो काढणाऱ्या घरच्या माणसाला काही नाही. स्टँड, रिफ्लेक्टर, कपडे बदलायचा तंबू किंवा धुराची नळी यातलं काही आलं की अर्ज. विद्यार्थ्यांना संस्थेच्या पत्रावर भाडं माफ, अनामत माफ नाही.

जुना_ठराव:
यात एक भर. पावसानं शूटिंग रद्द झालं तर काय, ते दरपत्रकात नसतं आणि जून-जुलैत रोज तोच तंटा. २४ तास आधी कळवलं तर ६० दिवसांत दुसरी तारीख, पैसे परत नाहीत. हवामान खात्याचा लाल इशारा असेल तर परवानगी आपोआप स्थगित आणि पूर्ण परतावा. आणि मंजूर परवानग्यांची यादी गेटवर लावायला सांगा: कोण, कुठून कुठपर्यंत, किती गाड्या, किती वाजेपर्यंत. नकाशावर हद्द आखलेली असेल तर फिरायला येणारेच मोजणी करतात, वेगळा निरीक्षक लागत नाही.

नेरूळवासी:
मालक-देखभालीचा तक्ता उद्यापासून घेतो. माहिती अधिकाराचे दोन अर्ज या आठवड्यात टाकतो, उत्तर आलं की आकडे इथंच देईन. गेटवरच्या यादीची सूचना पत्रात पहिल्या पानावर टाकतोय.